पाचशे मीटर, पण कुठल्या फाटकापासून?

जळगावच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलीला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला प्रवेश मिळतोय. ते लिहितात, "विद्यापीठापासून पाचशे मीटरच्या आत, सुरक्षित, घरगुती जेवण असलेली, शक्यतो मराठी घरातली खोली हवी. महिना आठ हजारांपर्यंत जमेल. नेटवर एक खोली पसंत पडली आहे. मालक पाच हजार टोकन मागतात, आज नाही दिलं तर उद्या दुसऱ्याला देईन म्हणतात. पाठवू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे. पाठवू नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी बोलते कुठल्या अधिकारानं, ते सांगायला हवं. प्रतापगंजात आमचं जुनं घर आहे. वरच्या मजल्यावर २००१ सालापासून विद्यापीठात शिकणाऱ्या मुली राहतात. सध्या चार खोल्यांत सात जणी आहेत. धाकटे दीर घरं भाड्यानं लावून देण्याचं काम करतात, सरळ शब्दांत दलाली. त्यामुळे मालक काय लपवतात आणि पालक काय विचारायला विसरतात, हे दोन्ही आमच्याकडे जेवताना चर्चेला असतं. मी मालकीण आहे, हे लक्षात ठेवूनच माझं म्हणणं तोलून घ्या. आणि बडोद्याचं मराठी आहे, मधूनच गुजराथी डोकावेल.

आता "विद्यापीठाजवळ" या शब्दाकडे येऊ, कारण पहिली गाठ तिथंच आहे. आमचं विद्यापीठ एका कुंपणात नाही. स्टेशनाच्या पूर्वेला सयाजीगंजात आर्ट्सची ती घुमटाची इमारत आणि कॉमर्स, पुढं फतेगंजाकडं बाकीची बरीच खाती, हा मुख्य पसारा. पण इंजिनिअरिंग आहे कलाभवनात, म्हणजे जुन्या शहरात. गाणं-नाच-नाटक शिकवणारं परफॉर्मिंग आर्ट्स सूरसागर तलावाशी. मेडिकल सयाजी इस्पितळाला लागून. जाहिरातीत "विद्यापीठापासून पाचशे मीटर" लिहिणारा माणूस खोटं बोलत नसेलही. तो फक्त त्याच्या सोयीच्या फाटकापासून मोजतो. दिरांकडे एकदा एक मुलगा आला होता. फतेगंजात खोली घेऊन मोकळा झालेला, आणि वर्ग कलाभवनात. रोज गाव ओलांडून जायचा. आणखी एक प्रकार म्हणजे "बडोद्याला शिकतो" म्हणणाऱ्यांचं कॉलेज वाघोडियाच्या बाजूला एखाद्या खासगी विद्यापीठात निघतं. त्यांच्यासाठी माझं हे सगळं उत्तर निरुपयोगी आहे. त्यांनी शहरात खोली शोधूच नये, तिथल्याच आवारात किंवा त्या रस्त्यावर बघावी.

तुमच्या मुलीचं फाइन आर्ट्स पुष्पबागेत आहे, युनिव्हर्सिटी रोडवर, स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. नवजीवननं आलात तर सामान कमी असल्यास रिक्षासुद्धा लागणार नाही. तेव्हा अंतर मोजायचं ते पुष्पबागेच्या फाटकापासून, आणि नकाशावरच्या सरळ रेषेनं नव्हे, पायांनी. अलकापुरी नकाशावर अगदी खेटून दिसते. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. पलीकडून यायचं तर एक तर गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यातून, जे जोराच्या पावसात तळं होतं, नाहीतर पुलावरून वळसा. अलकापुरीत राहून फाइन आर्ट्सला येणाऱ्या मुली आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्याकडे गाडी आहे.

माझ्या मते प्रतापगंज आणि फतेगंज पहिल्या पसंतीचे, सयाजीगंज त्याच्या खालोखाल, मग निझामपुरा. सयाजीगंज जवळ खरं, पण स्टेशनचा भाग. हॉटेलं, क्लासेस, रात्रभर वर्दळ. काहींना त्यातच सुरक्षित वाटतं, काहींना झोप लागत नाही. निझामपुऱ्यात सोसायट्या शांत, टेनामेंटमध्ये, म्हणजे इथल्या स्वतंत्र छोट्या घरांत, वरचा मजला स्वतंत्र मिळू शकतो, पण चालत जायला लांब पडतं. समा आणखी पुढं. तिथं जागा मोठी मिळते, आणि एक प्रश्न विचारावाच लागतो. तो पुढं सांगते.

हे झालं जागेचं अंतर. मला जास्त काळजी वेळेच्या अंतराची वाटते. कॉमर्सच्या मुलीचा दिवस दुपारी संपतो. फाइन आर्ट्सच्या मुलीचा दिवस कधी संपेल ते तिला स्वतःलाही माहीत नसतं. स्टुडिओत काम अर्धं राहिलंय, माती ओली आहे, प्रिंट वाळतोय, उद्या डिस्प्ले आहे. फेअरच्या, म्हणजे फाइन आर्ट्सच्या जत्रेच्या, आधीचे आठवडे तर विचारूच नका. साडेआठला फाटक बंद करणारी खोली पुष्पबागेच्या भिंतीला लागून असली तरी तिला काय कामाची? त्यापेक्षा पंधरा मिनिटं चालावं लागलं, पण रस्ता उजेडाचा आणि दार उघडणारं कुणी असलं, तर ती खोली जवळची. म्हणून खोली बघायला गेलात की पहिला प्रश्न भाड्याचा नको. "रात्री दहाला मुलगी आली तर काय होतं?" हा विचारा. उत्तरात काय सांगतात त्याहून कसं सांगतात ते बघा. "आमच्याकडे असं चालत नाही" म्हणणारी मालकीण स्पष्ट तरी आहे, तिला नमस्कार करून पुढं जा. "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून विषय बदलणारा मालक मला जास्त घातक वाटतो, कारण तो प्रॉब्लेम ऑक्टोबरात उगवतो.

ऑक्टोबरच का, तर नवरात्र. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय हे जळगावला बसून कळणार नाही. नऊ रात्री सगळं गाव गरब्यात असतं, आणि फाइन आर्ट्सच्या आवारातला गरबा गावात नावाजलेला. पहिल्या वर्षाची मुलगी जाणार नाही हे संभवत नाही. आमच्याकडे सुरुवातीच्या काळात नियम होता, नऊला कुलूप. एका मुलीला मी तिसऱ्या माळेला रात्री साडेअकराला ओट्यावर बसवून ठेवलं, उघडायला मुद्दाम उशीर केला, धडा शिकवायचा म्हणून. दिवाळीत ती घरी गेली ती सामान न्यायलाच परत आली. माझी चूक होती. आता नवरात्रीचे नियम मी जूनमध्येच सांगते: दोघी-तिघींनी मिळून जायचं, कुणाबरोबर आणि कुठल्या मैदानावर ते कळवायचं, रात्री एकला सगळ्या आत. किल्ली त्यांच्यातल्या एकीजवळ. तेव्हापासून कुरकूर नाही. तुम्ही ज्या घरात मुलीला ठेवाल तिथंही नवरात्रीचं नाव काढून विचारा. नियम आधी कळला की भांडण होत नाही.

याच संदर्भात वडील म्हणून तुम्हाला एक सांगावंसं वाटतं. मालकांशी बोलताना मुलीचा विषय लपवू नका. पुष्कळ पालक नुसतं "एम. एस. युनिव्हर्सिटीत आहे" म्हणतात, कारण फाइन आर्ट्स म्हटलं की काही मालक नाक मुरडतात. नाक मुरडण्याची कारणं, मालकीण म्हणून सांगते, फारशी सांस्कृतिक नसतात. टर्पेंटाइनचा वास. भिंतीवर रंग. जिन्यातून न वळणारा चार फुटी कॅनव्हास. आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. आमच्याकडे एका मुलीनं साचा करून झाल्यावर उरलेलं प्लास्टर मोरीत ओतलं आणि वरून भरपूर पाणी सोडलं, बिचारीला वाटलं वाहून जाईल. प्लास्टर पाण्यानंच धरतं. पाइपात दगड झाला, दोन मजल्यांची मोरी फोडावी लागली. तेव्हापासून गच्चीत नळाखाली एक मोठं टब ठेवलंय. हात आणि भांडी त्यात धुवायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी झाडांना नाही, गटारात, आणि गाळ वाळवून कचऱ्यात. रंगाच्या चिंध्या बंद खोलीत गोळा करून ठेवायच्या नाहीत. तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. या एवढ्या दोन नियमांवर माझ्याकडे आजवर फाइन आर्ट्सच्या कितीतरी मुली राहून गेल्या. मग तुम्ही सरळ सांगा, "मुलगी फाइन आर्ट्सची आहे, कामाला गच्ची किंवा व्हरांडा वापरू द्याल का?" हो म्हणणारा मालक मिळाला तर दोन-पाचशे रुपये जास्त गेले तरी घ्या. पुढं शिल्पकला घेतली तर हे फार उपयोगी पडतं, चित्रकला घेतली तरी पडतं.

बाय द वे, इथं १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हा चित्रकला विभाग उभा करणारे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे मराठी. तेव्हा इथं येणारी मराठी मुलगी काही परक्या गावात येत नाहीये.

मराठी घराचा हट्ट मात्र सोडा, असं मी मराठी असून सांगते. जुनी मराठी वस्ती दांडियाबाजार, रावपुरा, या बाजूला. गणपतीत तिकडं फिरलात तर पुण्यात आल्यासारखं वाटेल. पण तो सगळा भाग विश्वामित्री नदीच्या पलीकडे, आणि फाइन आर्ट्स अलीकडे. मुलगी कलाभवनात किंवा सूरसागरला असती तर मीच म्हटलं असतं, दांडियाबाजारात बघा. तुमच्या मुलीसाठी रोजची रिक्षा आणि रात्री पुलावरून एकटीनं येणं, एवढी किंमत मराठी बोलण्यासाठी नको मोजायला. भाषेची भूक सुटीच्या दिवशी भागते. फतेगंजात ख्रिस्ती, मल्याळी, बंगाली, सगळे आहेत, अंडं-मासळी खाणाऱ्यांची सोय तिथंच होते. हेही विचारून घ्या बरं का. गुजराथी घरांत, आणि आमच्यासारख्या काही मराठी घरांतही, खोलीत मांसाहार चालत नाही. बाहेर खाल्लेलं चालतं का, डबा आणलेला चालतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

घरगुती जेवणाबद्दल थोडक्यात. गुजराथी डाळीत गूळ असतो. जळगावच्या तोंडाला पहिले पंधरा दिवस ते औषधासारखं लागेल, मग सवय होईल किंवा होणार नाही. मुलीला तिखट लागलं तर गावात सेव उसळ आहे, तर्रीसकट; तेवढ्यावर तरुण जीव तरतो. जेवणासकट खोली घेताना विचारायचं ते एवढंच: रविवारी संध्याकाळी चूल बंद असते का (बहुतेक ठिकाणी असते), सुटीत घरी गेल्यावर जेवणाचे पैसे कापतात का, आणि वर्गाची वेळ टळली तर ताट झाकून ठेवतात का. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आणि स्वतः एक वेळ जेवून बघा, पैसे देऊन. राहत्या मुलींना काय वाढतात ते दिसतं.

आता पैसे. आठ हजार ही तुमची मर्यादा भाड्याची आहे की सगळ्याची? यावर सगळं अवलंबून आहे. समजण्यासाठी आकडे धरू, बाजारभाव म्हणून घेऊ नका. एक खोली लांब, भाडं ६,५०० रुपये. दोन वेळचा डबा ३,०००. लाइट ६००. रिक्षा जाऊन-येऊन रोज ८० रुपये, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे १,९२०. बेरीज १२,०२०. दुसरी खोली चालण्याच्या अंतरावर, जेवणासकट ९,०००, लाइट ६००. बेरीज ९,६००. "महाग" खोली महिन्याला जवळजवळ अडीच हजारांनी स्वस्त पडली. पालक भाड्याचा आकडा पाहून पहिली घेतात. मी दरवर्षी बघते.

लाइट बिलात एक खोच आहे. आमच्याकडे वीज कंपनीचं घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं. सबमीटर असेल तर खोली ताब्यात घेताना रीडिंगचा फोटो काढा, सोडतानाही काढा, आणि युनिटचा भाव मालकानं स्वतः ठरवलाय की बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून काढलाय, ते विचारा. एसीची खोली असेल तर मे महिन्यातलं एखादं जुनं बिल दाखवायला सांगा. लाजू नका. मी दाखवते.

दुसरी खोच सुटीची. परीक्षा संपून वर्ग पुन्हा सुरू होईपर्यंतचं भाडं कोण देतं? कुणी पूर्ण घेतात, कुणी खोली राखून ठेवायला अर्धं, कुणी सामान बांधून न्यायला सांगतात. आम्ही अर्धं घेतो. हे जूनमध्ये कुणी विचारत नाही आणि एप्रिलमध्ये सगळे चिडतात.

तिसरी, कुणी "जीएसटी वेगळा" म्हणालं तर थांबा. जुलै २०२४ पासून, माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाचं हॉस्टेल-पीजीचं भाडं जीएसटीतून मुक्त आहे. तुमचं बजेट त्याच्या आसपासही नाही. तरीही लावत असतील तर जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. बहुधा तिथंच विषय संपतो.

डिपॉझिट किती यापेक्षा परत कधी आणि कशातून कापून, हे लिहून घ्या. पूर्ण फ्लॅट दोघी-तिघींनी घेतला तर ११ महिन्यांचा करार होतो. ११ यासाठी की एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे, आणि ती कटकट दोन्ही बाजूंना नको असते. पीजीत बहुतेक ठिकाणी करार नसतोच. हरकत नाही. भाडं, त्यात काय-काय आलं, डिपॉझिट, किती दिवस आधी सांगून सोडायचं, सुटीचं भाडं, रात्रीची वेळ, एवढं एका व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये तुम्ही लिहून पाठवा आणि मालकाकडून "बरोबर आहे" असं उत्तर घ्या. या एका ओळीनं पुढची निम्मी भांडणं मिटतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही मालकाची जबाबदारी आहे. फोटो, आधार मागितलं म्हणून बिचकू नका, मागितलं नाही तर बिचका. आधार देताना मास्क केलेलं द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मघाशी समाचा विषय अर्धवट सोडला. तो पाण्याचा आहे. विश्वामित्री एरवी मगरींसाठी प्रसिद्ध. पण २०१९ ला आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ ला तिनं निम्मं गाव बुडवलं. काळाघोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट धरतात. २०२४ ला पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. समा, कारेलीबाग, आकोटा, सयाजीगंजातला परशुराम भठ्ठा, या भागांत लोक दिवसच्या दिवस अडकले. दिरांच्या ओळखीच्या एका घरात समाला तळमजल्यावर तिघी मुली होत्या. जीवानिशी ठीक राहिल्या, वरच्या मजल्यावर गेल्या, पण गाद्या, लॅपटॉप, एकीचं वर्षभराचं काम, सगळं गेलं. कागदावरचं काम पाण्यात गेलं की काय उरतं सांगा. म्हणून तळमजला असेल तर विचारायचं, "चोवीस साली पाणी कुठवर आलं होतं?" पण मालकाला नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला किंवा किराणावाल्याला. तो हातानं भिंतीवर दाखवेल. माझा सल्ला विचाराल तर पहिला मजला किंवा त्याच्या वर, बस. तुम्ही पावसाळ्यातच येणार आहात, ते एका परीनं चांगलं. ओल, गळती, शेवाळ, सगळं खरं दिसतं. हिवाळ्यात रंग मारलेली भिंत फसवते.

विद्यापीठाच्या वसतिगृहांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. त्यांना इथं "हॉल" म्हणतात, मुलींचे वेगळे आहेत. फॉर्म भरा, नक्की भरा. बाहेरगावच्या मुलीला मिळालं तर खर्चात त्याच्याइतकं स्वस्त काही नाही, आणि मैत्रिणी मिळतात त्या जन्माच्या. मात्र जागा मोजक्या, आणि प्रवेश पक्का झाल्यावरच पुढची हालचाल. प्रवेशाचंही आता सगळं जीकॅस या गुजरातच्या सामाईक प्रवेश पोर्टलवरून, फेऱ्यांवर फेऱ्या. तुम्ही स्वतः "प्रवेश मिळतोय" लिहिलंय, "मिळाला" नाही. मग वर्षाची खोली आत्ताच का बांधून घ्यायची? पंधरा दिवस-महिन्यासाठी एखादी साधी पीजी घ्या, जिथं महिन्यानं सोडता येईल. त्या महिन्यात मुलीला वर्गाच्या वेळा कळतील, सीनियर मुली भेटतील, हॉलचा निकाल लागेल. चांगल्या खोल्या नेटवर येतच नाहीत. एक मुलगी शिकून जाते आणि तिच्या ज्युनिअरला सांगून जाते. माझ्या वरच्या मजल्याची जाहिरात मी कधीच दिलेली नाही.

आता त्या पाच हजारांकडे येते. तो मालक लुच्चाच असेल असं नाही. प्रवेशाच्या दिवसांत टोकन मागणारे प्रामाणिक लोकही असतात. पण न बघितलेल्या खोलीला, न भेटलेल्या माणसाला, "उद्या जाईल" या धाकावर पैसे पाठवायचे नाहीत. फोटो कुठल्याही घराचे लावता येतात. त्याला म्हणा, व्हिडिओ कॉल करा आणि रस्त्यावरून चालत घरात शिरा, कॉल न तोडता. मग घराच्या वेराबिलाचा किंवा लाइट बिलाचा फोटो मागा आणि नाव जुळतंय का बघा. आमच्याकडे घरपट्टीला वेरा म्हणतात. मी सैन्यात आहे, बदली झाली, म्हणून किल्ली पार्सलनं पाठवतो, अशी कथा आली तर फोन ठेवा. लष्कराचा मोठा तळ फतेगंजातच असल्यानं ही कथा इथं खरी वाटते. आणि पैसे तुम्हाला *मिळण्यासाठी* कधीच पिन टाकावा लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चुकून गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, दुसऱ्या दिवशी नाही.

याल तेव्हा मुलीला बरोबर आणा. हे लिहावं लागतंय, कारण दरवर्षी एकटेच वडील येतात, माझ्याशी अर्धा तास बोलतात, आणि जिला राहायचंय ती व्हिडिओवर. रविवार टाळा, रविवारी सगळं शांत आणि छान दिसतं. मधल्या वारी या. दुपारी खोल्या बघा, दोन-तीन नक्की करा, आणि मग रात्री नऊच्या सुमारास पुष्पबागेच्या फाटकापासून त्या प्रत्येक खोलीपर्यंत दोघं चालत जा. मुलगी पुढं, तुम्ही वीस पावलं मागं. कुठं दिवे नाहीत, कुठं कुत्री आहेत, कुठलं पान-गल्ल्याचं टोळकं बघत राहतं, हे तिला कळेल आणि ती कुठं पाऊल उचलते ते तुम्हाला. तिच्या फोनमध्ये १८१ टाकून द्या, अभयमचा नंबर, गुजरातेत महिलांसाठी चोवीस तास चालू असतो. खोली बघताना आत राहणाऱ्या एखाद्या मुलीशी पाच मिनिटं बोलायला द्या, असं मालकाला सांगा, आणि तुम्ही स्वतः बाहेर ओट्यावर थांबा. मालकीणही बाहेर थांबली पाहिजे. माझ्याकडे आलेल्या पालकांनी हे मागितलं की मी आत जाऊन चहा टाकते.

त्या मालकाला आज एवढाच मेसेज पाठवा: "आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात बडोद्याला येतोय. खोली तोवर राहिली तर बघू, आवडली तर जागेवर पैसे देऊ. मुलगी फाइन आर्ट्सची आहे, रात्री उशीर होऊ शकतो. चालेल का?"